प्लेटवर ठिपके आले, पण ते व्हायरसमुळेच कशावरून?

प्रश्न: बॅक्टेरियाच्या प्लेटवर स्वच्छ गोल ठिपके दिसतायत. एवढ्यावरून फाज (बॅक्टेरियात वाढणारा व्हायरस) आहे म्हणता येईल का, की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागेलच?

उत्तर: नुसत्या ठिपक्यांवर भरवसा ठेवू नका, कारण काही बॅक्टेरिया शेजाऱ्यांना मारणारी प्रोटीन्स सोडतात आणि त्यानेही प्लेट तशीच स्वच्छ होते. आधी नमुना पातळ करत जा, सुटे सुटे ठिपके आले आणि त्यातलं थोडं घेऊन नव्या प्लेटवर परत आले तर फाजची शक्यता बरीच वाढते. मग मायक्रोस्कोप. थेंब ग्रिडवर (मायक्रोस्कोपच्या बारीक धातूच्या जाळीवर) घेऊन युरेनिल अ‍ॅसिटेट या जड धातूच्या क्षाराने रंगवला की पार्श्वभूमी गडद होते आणि कण उजळ उठून दिसतात, टी४ नावाचा फाज असेल तर साधारण २०० नॅनोमीटर लांब, डोकं, शेपटी, सगळं स्पष्ट! १९४० मध्ये जर्मन संशोधक हेल्मुट रुस्काने बॅक्टेरियाला चिकटलेले फाज इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवले होते, मला तर ते आजही थरारक वाटतं.

पण नुसते कण दिसले म्हणजे इन्फेक्शन झालं असं नाही हं. त्यासाठी पेशींचे अतिपातळ काप घ्या, आत फाजची भरलेली डोकी दिसली की मग खात्रीने बोला.