जनुक शाबूत, आरएनएही आहे, मग मेंदूच्या गाठीत प्रथिन का नाही?

तुम्ही विचारलंय की गाठीच्या पेशीत एखादं जनुक शाबूत असतं, त्याचा आरएनएही (प्रथिन बनवण्यासाठी जनुकाची उतरवलेली चिठ्ठी) सापडतो, तरी प्रथिन दिसत नाही, हे कसं? मी रत्नागिरीत जीवशास्त्र शिकवते आणि हा विषय दरवर्षी आंब्याच्या अढीपासूनच सुरू करते.

मे महिन्यात अढीतला एखादा हापूस नासला की त्याच्यावर बारीक चिलटं जमतात. त्यांत ड्रोसोफिला ही फळमाशी असतेच. एक पकडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. पाठीवर काळे, ताठ केस दिसतील, एका खोबणीतून एकच. १९९४ मध्ये संशोधकांनी अशा माश्यांचं वर्णन केलं, ज्यांच्या एकेका खोबणीतून दोन-दोन केस आले होते. बिघडलेल्या जनुकाला त्यांनी नाव दिलं मुसाशी, दोन तलवारींनी लढणाऱ्या मियामोतो मुसाशी या सामुराईवरून. हे ऐकल्यावर मुलं पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे धावतात.

मुसाशीचं प्रथिन आरएनएला चिकटतं. सस्तन प्राण्यांतलं त्याचं रूप, मुसाशी-१, हे ‘नम्ब’ जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाला धरून बसतं. प्रथिनाचा मजकूर जिथे संपतो, त्याच्या पुढचा हा भाग. मग रायबोसोमला, म्हणजे आरएनए वाचून प्रथिन जोडणाऱ्या यंत्रणेला, कामच सुरू करता येत नाही. चिठ्ठी पोचली, पण वाचू दिली नाही. तुमच्या प्रश्नाची एक उकल ही.

आता नम्बचं काम काय, तर पेशीला मूळपेशी ठेवणाऱ्या ‘नॉच’ या संकेताला आवर घालणं. नम्ब कमी पडलं की पेशी मूळपेशीच (जिच्यापासून इतर पेशी घडतात ती) राहते, विभागत राहते. घडत्या मेंदूला हे हवंच असतं. प्रौढ मेंदूत मुसाशी-१ मुख्यतः मूळपेशींपुरतं उरतं. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या गाठीत मात्र ते पुन्हा भरपूर सापडतं.

आरएनएला चिकटणारं एचयूआर नावाचं दुसरं प्रथिन वेगळ्या वाटेने जातं. काही आरएनए लवकर तुटावेत अशाच घडणीचे असतात, एचयूआर त्यांना तुटू देत नाही. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफचा आरएनए त्यांतलाच, आणि गाठीला रक्त हवंच असतं.

मुसाशीला रोखण्याचे प्रयत्न अजून संशोधनातच आहेत. रुग्णांसाठी शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध हेच मुख्य उपचार.

प्रोजेक्ट करणार असाल तर एकाच नमुन्यातून आरटी-पीसीआर (आरएनए मोजायला) आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन पाहायला) दोन्ही करा. नुसता आरएनए मोजलात तर ही अडवणूक तुम्हाला दिसणारच नाही.