बारावीला हुशार, कॉलेजात मागच्या बाकावर

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुण्यात, कोथरूडला रूमवर राहतो. बारावीला मार्क उत्तम. आता लेक्चर बुडवतो, दर शुक्रवारी एसटीने घरी येतो. विचारलं की म्हणतो, ‘काही कळतच नाही.’ त्याचा मोबाइल काढून घेऊ का?
– एक आई, बार्शी

उत्तर : मोबाइल राहू द्या. तो घेतलात तर रूमवरचा एकटेपणा तेवढा वाढेल.

बारावीला क्लासच्या टेस्टमुळे आपण कुठे आहोत ते दर आठवड्याला कळायचं. इथे सेमिस्टर निम्मं संपेपर्यंत पत्ता लागत नाही. त्यात एम-वनचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताचा, एक तास बुडाला की पुढचे दोन डोक्यावरून जातात आणि ‘आपण मुळात कच्चेच’ हा ग्रह बसतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच मांडलंय की ‘मला जमेल’ हा भरवसा सर्वांत पक्का होतो तो प्रत्यक्ष काही जमल्यावर. ‘अरे, तू हुशार आहेस’ या फोनवरच्या धीराला तितकं बळ नाही.

म्हणून लेक्चर झालं त्याच संध्याकाळी त्या टॉपिकची तीन गणितं, वही मिटून, अर्ध्या तासात. सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचलं तर ‘आलं’ असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो. जी पायरी अडली तिच्याखाली रेघ मारून ट्युटोरियलला नेमकी तीच विचारावी. ‘सर, काहीच कळलं नाही’ म्हटल्यावर सर तरी कुठून सुरुवात करणार?

पण त्याआधी माणसं हवीत. भरलेल्या वर्गात ओळख निघत नाही. प्रॅक्टिकलची बॅच लहान असते, रीडिंग घेताना बोलावंच लागतं. तिथले दोघं गाठावेत, जर्नल त्यांच्याबरोबर बसून पुरं करावं. असं बसणं होतं शनिवार-रविवारी, आणि नेमका तेव्हा हा बार्शीत! घरी येणं महिन्यातून एकदाच ठेवा. पहिले दोन शनिवार जड जातील, त्यालाही आणि तुम्हालाही. फोनवर ‘अभ्यास झाला का?’ऐवजी ‘आज प्रॅक्टिकलला बरोबर कोण होतं?’ विचारा.

मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, सलग दोन आठवडे उदासी असेल, तर हे उपाय पुरणार नाहीत. समुपदेशकाकडे न्या; ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी.

हजेरीचंही लगेच बघा. बहुतेक कॉलेजांत ७५ टक्क्यांची अट असते. बॅचसाठी नेमलेल्या जीएफएम (पालक-प्राध्यापक) सरांना याच आठवड्यात त्याने स्वतः भेटावं. टर्म ग्रँटच्या वेळी, म्हणजे हजेरी बघून परीक्षेला बसू द्यायचं की नाही ते ठरतं तेव्हा, पालकांनी धावत येण्यापेक्षा ते केव्हाही बरं.