वाचकांचे प्रश्न: स्टेम सेलवरून एवढा वाद का झाला, आणि आमच्या मुलाला ते इंजेक्शन द्यावं का?

या महिन्यात स्टेम सेलवर, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनतात त्या मूळ पेशींवर, तीन पत्रं आली, तिन्ही वेगवेगळ्या टोकांची, म्हणून एकत्रच घेतेय. सांगलीहून आलेलं पत्र शेवटी आहे, घाईत असाल तर आधी ते वाचा आणि मग वर या.

प्रश्न: मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात ऐकलं की राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अमेरिकेत स्टेम सेल रिसर्चवर बंदी घातली होती. मग तिथे काम चालू कसं राहिलं? आणि त्यात मुंबईचा काहीतरी संबंध होता म्हणतात, तो खरा आहे का?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: बंदी नव्हती गं. बंद झाला होता तो पैसा, आणि तोही फक्त केंद्र सरकारचा.

१९९८ साली विस्कॉन्सिनमधे जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या एम्ब्रियोतून स्टेम सेल काढून लॅबमधे वाढवून दाखवल्या. एम्ब्रियो म्हणजे पोटातलं बाळ नाही हं, आयव्हीएफमधे तयार झालेला आणि त्या जोडप्याला आता नको असलेला पाचेक दिवसांचा गोळा, शंभर-दीडशे पेशींचा. त्यातल्या आतल्या पेशींपासून शरीरातली कुठलीही पेशी बनवता येते, हृदयाची, मेंदूची, इन्शुलिन तयार करणारी. पण त्या काढल्या की एम्ब्रियो उरत नाही, आणि सगळं भांडण इथेच आहे. जे मानतात की गर्भ राहिला त्या क्षणापासून तो माणूसच, त्यांच्या दृष्टीने ही हत्या झाली. जे तसं मानत नाहीत ते विचारतात की हे एम्ब्रियो नाहीतरी फ्रीझरमधून काढून टाकूनच देणार आहेत, मग एखाद्या आजारी माणसाच्या उपयोगी पडले तर बिघडलं कुठे. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण पहिल्या बाजूला मागासलेले म्हणून मोडीत काढणं मला कधीच पटलं नाही, त्यांचा प्रश्न खरा आहे.

आणि पक्ष बघून माणसं विभागली गेली असंही झालं नाही. बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर ऑरिन हॅच गर्भपाताचे पक्के विरोधक, तरी ते या रिसर्चच्या बाजूने उभे राहिले. माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पत्नी नॅन्सी यांनी नवऱ्याचा अल्झायमर वर्षानुवर्षं जवळून पाहिला होता, त्याही आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात बोलल्या.

तर ९ ऑगस्ट २००१ ला बुश यांनी टीव्हीवरून जाहीर केलं की आजपर्यंत ज्या सेल लाइन्स (एकेका एम्ब्रियोतून काढून लॅबमधे वाढवत ठेवलेल्या पेशी) तयार झाल्या आहेत फक्त त्यांच्यावरच्या कामाला सरकारी पैसा मिळेल, यापुढे एम्ब्रियो वापरून नवीन केल्या तर नाही. मग आरोग्य संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या त्यांच्या एनआयएच या संस्थेने यादी काढली, ६४ लाइन्सची, जगभरातल्या. त्यात दहा भारतातल्या निघाल्या, सात मुंबईत रिलायन्स लाइफ सायन्सेसकडे आणि तीन बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत! मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते, स्टाफरूममधे तो पेपर हातोहात फिरला, आम्हाला फार अभिमान वाटला होता. पुढे कळलं की कागदावरच्या त्या साठ-सत्तरमधल्या खरोखर वापरता येण्यासारख्या जेमतेम वीसेकच निघाल्या.

याचा त्रास कसा झाला ते ऐक. ज्या लॅबला सरकारी ग्रँट होती तिला नवीन लाइन्सवर काम करायचं तर सगळं वेगळं लागायचं, वेगळा मायक्रोस्कोप, वेगळा फ्रीझर, वेगळी खोली, हिशेबसुद्धा वेगळा, कारण सरकारी पैशातली एक टेस्टट्यूबही तिकडे वापरलेली चालणार नव्हती. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी २००४ मधे मतदान करून स्वतःच्या राज्यापुरते ३ अब्ज डॉलर मंजूर केले. २००६ मधे दोन्ही सभागृहांनी निर्बंध सैल करणारं बिल पास केलं तर बुश यांनी त्यावर व्हेटो वापरला, त्यांच्या कारकिर्दीतला पहिलाच. मार्च २००९ मधे ओबामांनी ते निर्बंध उठवले.

एवढ्या भांडणातून एक चांगलंही झालं, नियम नीट लिहिले गेले. चौदा दिवसांच्या पुढे एम्ब्रियो लॅबमधे वाढवायचा नाही ही मर्यादा ब्रिटनमधल्या १९८४ च्या वॉर्नॉक समितीची, आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांतही ती आहे. जोडप्याची लेखी संमती हवी आणि एम्ब्रियोचे पैसे घ्यायचे-द्यायचे नाहीत, हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न: माझा नातू अकरा वर्षांचा आहे, टाइप वन डायबेटिस, दिवसातून चार वेळा सुई. जपानी शास्त्रज्ञाने कातडीपासूनच स्टेम सेल बनवल्या, आता एम्ब्रियोची गरज नाही, असं वाचलं. मग वाद मिटला ना? आणि नातवासाठी काही आशा?
(निवृत्त इंजिनियर, ठाणे)

उत्तर: काका, वाद बराच निवळला पण मिटला नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ मधे उंदराच्या आणि २००७ मधे माणसाच्या साध्या पेशींना चार जीन्स घालून मागे नेलं, पार एम्ब्रियोतल्या पेशींसारखं केलं. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. पण या नव्या पेशी बरोबर झाल्यात की नाही हे तपासायला एम्ब्रियोतल्या पेशीच मापाला लागतात, आणि काही उपचार त्याच जुन्या लाइन्सवर इतके पुढे गेलेत की ते सोडून कोणी नव्याने सुरू करणार नाही.

तुमच्या नातवाच्या आजाराचंच घ्या. हार्वर्डचे डग्लस मेल्टन बेडकांवर काम करायचे, त्यांच्या तान्ह्या मुलाला टाइप वन निघाला आणि त्यांनी सगळं सोडून हाच विषय धरला, पुढे मुलीलाही तोच आजार झाला. सरकारी पैसा नव्हता त्या काळात, २००४ मधे, त्यांनी खासगी पैशातून १७ नवीन लाइन्स बनवल्या आणि इतर शास्त्रज्ञांना वापरायला दिल्या. स्टेम सेलपासून इन्शुलिनच्या पेशी बनवायची जी पद्धत त्यांच्या लॅबमधे बसली, तिच्यातूनच आलेल्या उपचाराचे आकडे २०२५ मधे आले, पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षानंतर इन्शुलिनशिवाय होते. मी ते वाचून खरंच रडले. पण काका, यात शरीराने त्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, आणि ट्रायलमधे घेतलेली सगळी मोठी माणसं होती, ज्यांची शुगर अचानक जीवघेणी खाली जायची अशी. अकरा वर्षांच्या मुलाला आज सुईच जास्त सुरक्षित आहे. ती नीट चालू ठेवा, त्याच्यापुढे भरपूर वर्षं आहेत.

प्रश्न: बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. एका मोठ्या शहरातल्या सेंटरने स्टेम सेलची तीन सेशन्स सांगितली आहेत, सगळं मिळून सात लाख. भावोजी शेत गहाण टाकायला निघालेत. व्हिडिओमधे मुलं सुधारलेली दिसतात. काय करू?
(एक मावशी, सांगली)

उत्तर: ताई, शेत गहाण टाकू देऊ नका. आज संध्याकाळीच फोन करा.

स्टेम सेलचा पक्का सिद्ध झालेला उपचार आहे तो रक्ताच्या आजारांचा, बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात तोच, टाटा हॉस्पिटलने १९८३ मधे मुंबईत केला आणि तो देशातला पहिला. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांत ठराविक रक्ताचे आणि तसेच काही आजार सोडून बाकी सगळ्यासाठी स्टेम सेल देणं हे फक्त ट्रायल म्हणूनच चालतं, आणि ट्रायलमधे पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. ऑटिझमसाठी तर नॅशनल मेडिकल कमिशननेही २०२२ मधे सांगितलंय की हा उपचार करू नये आणि त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन धरलं जाईल. तरी जाहिराती चालू आहेत, याचा मला संताप येतो. त्या एम्ब्रियोवरून इतकी वर्षं वाद घातला गेला, आणि हे तर कंबरेच्या हाडातून मुलाचाच बोन मॅरो काढून मणक्यातून टोचतात, म्हणून कुणाला त्यात वादाचं काही दिसतच नाही.

व्हिडिओबद्दल. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १८० ऑटिस्टिक मुलांवर नाळेच्या रक्ताची (त्यातही स्टेम सेल असतात) नीट ट्रायल केली, काहींना खरं इन्फ्युजन आणि काहींना नुसतंच बिनऔषधाचं, आईबापांना माहीत नाही कुणाला काय. २०२० मधे निकाल आला, ज्या मुख्य गोष्टीसाठी ट्रायल होती, म्हणजे मुलांचं इतरांत मिसळणं, त्यात फरक सिद्ध झाला नाही. मुलं वाढतात, थेरपी चालूच असते, सहा महिन्यांत कुठलंही मूल थोडं पुढे गेलेलं दिसतंच, त्यासाठी सुई लागत नाही.

आणि फायदा नाही तर नुकसान तरी नाही असंही नाही. फ्लोरिडात २०१५ मधे मॅक्युलर डीजनरेशन (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजणं) असलेल्या तीन वयस्कर बायकांच्या डोळ्यात, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या, तिघींचीही दृष्टी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. त्याच आजारासाठी जपानमधे कोबेला २०१४ मधे एका बाईंच्या एकाच डोळ्यावर उपचार झाला, आणि दुसऱ्या पेशंटच्या पेशींमधे जीन्सचे बदल सापडले म्हणून तिथल्या डॉक्टरांनी स्वतःहून थांबवलं.

भावोजींना त्या सेंटरला तीन गोष्टी लेखी विचारायला सांगा: सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवरचा ट्रायलचा नंबर काय, एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र कुठे आहे, आणि ट्रायल असेल तर सात लाख कशाचे. त्या पैशांतला काही भाग स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीवर टाकता येईल, आणि थेरपिस्ट शिकवेल ते घरी रोज आईबरोबर बसून करून घेता येईल. तो बोलत नाही म्हणता, तर चित्रं दाखवून मागायला शिकवणारी थेरपिस्ट जवळपास आहे का ते आधी बघा, पाणी हवं, भूक लागली, नको, हे सांगता यायला लागलं की त्याचं रडणं-आपटणं बरंच कमी होतं. सांगली-मिरजेत कोणी मिळत नसेल तर मला परत लिहा.