नवा फर्लर घेण्याआधी जुना कुठे अडकतो ते बघा

तुमची बोट 27 फुटी, नांगरलेली मुंबईत, तुम्ही राहता सोलापुरात, महिन्यातून एखाद्या रविवारी जाणं होतं आणि जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, फर्लर (शीड गुंडाळायचं यंत्र) अडकतो म्हणून नवा कोणता घ्यावा असं विचारलंय. मीही सोलापूरचाच, मुंबईत बरीच वर्षं शिडाच्या बोटींचं रिगिंग, म्हणजे डोलकाठी-तारा-दोऱ्यांचं काम, केलं.

अडकतो कुठे, खाली दोरी गुंडाळली जाते त्या ड्रमशी की वर डोलकाठीच्या टोकाला? वर अडकत असेल तर बहुतेक वेळा दोष फर्लरचा नसतोच. हॅलयार्डची, म्हणजे शीड वर चढवायची, दोरी फोरस्टेला (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेला) जवळजवळ समांतर उतरत असेल, तर ती जिथे जोडलेली असते तो वरचा स्विव्हल (फिरता सांधा) जागेवर राहण्याऐवजी फिरतो आणि ती दोरी फोरस्टेला वेढे घालते. नवा फर्लर बसवलात तरी हेच होणार. दोघांत साधारण 8 ते 10 अंशांचा कोन हवा. मिळत नसेल तर डोलकाठीवर हॅलयार्ड मागे धरणारं छोटी अडणी, म्हणजे रिस्ट्रेनर, बसवून घ्या. आणि अडकल्यावर विंचने (दोरी ओढायच्या रहाटाने) ओढू नका, कृपा करून. एका बोटीवर असं ओढलेलं होतं. फोरस्टेवरचा फॉइल (शीड ज्यावर गुंडाळतं ती धातूची नळी) पिळलेला, आणि वरच्या टोकाशी फोरस्टेच्या 19 तारांपैकी 4 तुटून बाहेर आलेल्या. डोलकाठी केवळ नशिबाने उभी होती.

फर्लरच खराब निघाला तर मी प्रोफर्ल कंपनीचा घेईन. हार्केन उत्तम आहे, पण त्याचं बेअरिंग उघडं असतं, मीठ साचू नये म्हणून गोड्या पाण्याने धुवावं लागतं. 400 किलोमीटरवरून ते कोण करणार? प्रोफर्लचं बेअरिंग ग्रीस भरून सीलबंद असतं. सेल्डेन कंपनीच्या फर्लेक्स फर्लरसोबत नवी फोरस्टे येते, म्हणून किमतीची तुलना करताना तेही धरा. तुमची फोरस्टेची तार 10-15 वर्षांची झाली असेल तर फर्लर कुठलाही घ्या, तार बदलाच.

ऑर्डर देण्याआधी तारेची जाडी व्हर्नियरने मोजा. तारेची वरच्या पिनेपासून खालच्या पिनेपर्यंतची लांबी, पिनेचा व्यास आणि शिडाच्या लफ टेपची (फॉइलच्या खाचेत जाणाऱ्या पुढच्या कडेच्या पट्टीची) जाडीही हवी. पावसाळ्यात बोट वर काढून डोलकाठी उतरवली की ही मापं निवांत घेता येतात.

बसवल्यावर शीड गुंडाळताना शीटवर, म्हणजे शिडाच्या मागच्या कोपऱ्याला बांधलेल्या दोरीवर, हलका ताण ठेवा. बीमवर (मागाच्या रुळावर) ताणा, म्हणजे उभे धागे, सैल भरला की मागावर काय होतं, हे आपल्या विणकरांच्या गावात सांगायला नको. शीड पूर्ण गुंडाळून झाल्यावरही ड्रमवर दोरीचे 3-4 वेढे शिल्लक राहायला हवेत. जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळलं जातं तेव्हा तेच लागतात.