प्रेम वाटत नसताना केलेला फोन ढोंग ठरेल का?

प्रिय ताई,
बाबा शेवटची अडीच वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं मीच केलं. अंत्यविधीनंतर माझी मोठी बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "हिने घरावर डोळा ठेवून सेवा केली." त्याला आता चार वर्षं झाली. मीही तेव्हा तिला नको ते बोलले, पण ते तिने सुरुवात केल्यावर. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. गेलं वर्षभर प्रार्थनेला बसलं की तीच डोळ्यांसमोर येते. उपदेशात, रोजच्या वाचनात, जिथे तिथे समेटाचेच शब्द कानावर पडतात. देव काय सांगतोय ते मला कळतं. पण मनात रागाशिवाय काही नाही. प्रेम नसताना फोन करणं हे ढोंग नाही का? चर्चच्या मंडळीतली एक मैत्रीण म्हणते, "तुला शांती वाटत नाही ना, मग ती देवाची इच्छा नाही. थांब." मी थांबू का?
तुमची एक वाचक

प्रभूमध्ये प्रिय भगिनी,

थांबू नका. वर्षभर तुम्ही थांबलाच आहात, आणि त्याने राग तसूभर उतरल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही.

पण त्याआधी एक. अडीच वर्षं आजारी माणसाची कूस बदलणं, चमच्याचमच्याने भरवणं, रात्री श्वास नीट चाललाय ना म्हणून दाराशी उभं राहून ऐकणं, हे सगळं केल्यावर "घरासाठी केलंस" हे ऐकून जीव किती पोळला असेल, ते मला कळतं. तो आरोप क्रूर होता. देवाचं ऐकायचं म्हणजे तो क्रूर नव्हता असं मानायचं, असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

आता ढोंगाचं. येशूने ढोंगी म्हटलं ते लोकांनी वाहवा करावी म्हणून कर्णे वाजवत दानधर्म करणाऱ्यांना, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना. तुम्ही फोन कराल तेव्हा खोलीत कोण असेल? ज्याला दाखवायचं असा कुणी नसेल, आणि जो असेल त्याला तुमचं मन आधीच ठाऊक आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, २१व्या अध्यायातले दोन मुलगे आठवा. पहिला बापाला तोंडावर "नाही" म्हणाला, मग पस्तावला आणि द्राक्षमळ्यात गेला. दुसरा "जातो महाराज" म्हणाला आणि गेलाच नाही. येशूने विचारलं, बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केलं? मळ्यात गेल्यावर पहिला आनंदाने राबला की कुरकुरत, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. ढोंग म्हणायचंच असेल तर ते दुसऱ्या मुलाचं आहे: तोंडात गोडवा, पाय जागचे हलत नाहीत.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला जास्त काळजीचं वाटतं, कारण ते मंडळ्यांमधून फार ऐकू येतं. 'शांती नाही, म्हणजे देवाची इच्छा नाही.' हे माप लावून पाहा. संदेष्टा योना देवाकडे पाठ फिरवून तार्शीशला निघाला होता. समुद्र खवळलेला, खलाशी आपापल्या देवांचा धावा करतायत, सामान पाण्यात फेकतायत, आणि योना तारवाच्या तळाशी गाढ झोपलेला. मनाचा निवांतपणा हीच खूण मानली तर त्या जहाजावर देवाच्या इच्छेत तो एकटाच होता म्हणावं लागेल! आणि क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू म्हणाला, माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे. दुःखाचा तो प्याला टळावा म्हणून त्याने तीनदा तीच विनवणी केली. लूक लिहितो, घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. मैत्रीण तिथे असती तर त्यालाही "थांब" म्हणाली असती का?

तिच्या मनात बहुधा प्रेषित पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रातलं "ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो" हे वचन असेल. ते तिसऱ्या अध्यायात आहे, १५वं. त्याच्या वरची दोन-तीन वचनं तिच्यासोबत बसून वाचा. एकमेकांचं सहन करा, गाऱ्हाणं असेल तर क्षमा करा, प्रीती धारण करा, आणि मग ती शांती. पौल माणसामाणसांतल्या शांतीबद्दल बोलतोय. अवघड फोन टाळल्यावर जो हायसा श्वास सुटतो, त्याच्याबद्दल नव्हे.

मग या रागाचं काय करायचं? गिळायचा नाही. बायबलमधल्या १५० स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रं कितीतरी आहेत, आणि ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. देवाने ते पवित्र शास्त्रात ठेवलं आहे. तेव्हा बहिणीबद्दल जे काही मनात आहे ते मोठ्याने, न सजवता, आधी त्याच्यासमोर बोला. भावांनीच विकून टाकलेला योसेफ पुढे त्याच भावांना पाहून दोनदा बाजूला जाऊन रडला. दुसऱ्या वेळी तोंड धुऊन, स्वतःला सावरून बाहेर आला आणि जेवण वाढायला सांगितलं. मला ते तोंड धुणं फार जवळचं वाटतं. भावना खोट्या नव्हत्या, फक्त पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे त्यांच्या हाती नव्हतं.

आता जरा अवघड बोलते. समेटाचे शब्द म्हणताना तुमच्या मनात मत्तय ५:२३ असणार: दान वेदीपाशी ठेव आणि आधी भावाकडे जा. पण तिथे कोण कुणावर रागावलंय ते नीट पाहा. "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर" असं ते वचन नाही. "भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य घाईघाईने येऊन जातं: "मीही तेव्हा तिला नको ते बोलले." काय बोललात ते तुम्ही लिहिलं नाही. तिचे शब्द चार वर्षांनीही जसेच्या तसे लिहिलेत. देव वर्षभर बहिणीला डोळ्यांसमोर आणतोय तो त्या वाक्यासाठीच असेल, असं ठामपणे म्हणायचा मला अधिकार नाही. पण प्रार्थनेत त्याला ते विचारून पाहा.

मी स्वतः अशा एका फोनसाठी सात महिने घालवले. नंबर लावायचा, पहिली रिंग वाजायच्या आत कापायचा. शेवटी एका दुपारी दोरीवरचे कपडे काढता काढता, चिमटे हातात असतानाच फोन लावला. आवाज कोरडा होता, माझाही आणि तिचाही. दोन मिनिटंही झाली नसतील. प्रेम वगैरे काही दाटून आलं नाही, उलट नंतर बराच वेळ हात थरथरत होते. तिच्याबद्दल मन मऊ व्हायला पुढे वर्ष-दीड वर्ष लागलं. पण ते त्या फोनच्या अलीकडे कधीच झालं नसतं, हे मी खात्रीने सांगते.

तर या आठवड्यात फोन करा. घराचा विषय काढू नका, तिचा आरोप खोडायला जाऊ नका. तुम्ही जे बोललात तेवढ्यापुरतीच माफी मागा, "पण तूही" न जोडता. तिच्या चुकीबद्दल बोलायचं असेल तर त्यालाही शास्त्रात जागा आहे, मत्तयाच्याच १८व्या अध्यायात, दोघीच असताना. पण ते पुढच्या वेळी. क्षमा केली म्हणजे घराचे कागद तिच्या हाती द्यायचे, असंही नाही. योसेफाने भावांना ओळख दिली ती त्यांना पारखून घेतल्यावर. (हे वाचणाऱ्या आणखी कुणाला एक सांगायला हवं: जिथे मारहाण किंवा जिवाची भीती आहे, तिथे समेटाचं वचन पुढे करून कुणी परत जायला लावत असेल, तर ते देवाचं मार्गदर्शन समजू नका. आधी सुरक्षित जागी जा.)

तिने फोन उचलला नाही तर दोन ओळींचं पत्र टाका. उचलून ठेवून दिला तरी तुमच्याकडून जे व्हायचं ते झालेलं असेल. रोमकरांस पत्रातही "तुमच्याकडून होईल तितकं" असंच म्हटलं आहे.

आणि मला लिहा. ती काय म्हणाली ते नाही कळवलंत तरी चालेल, तुम्ही काय म्हणालात तेवढं कळवा.

तुमची,
ताई