सुई आपोआप थांबते कशी? जुन्या ग्रामोफोनमधील स्वयंचलित यंत्रणा

चावीच्या ग्रामोफोनविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न यावेळी निवडले आहेत. तबकडी आपोआप थांबणे, बदलणे किंवा उलटणे यांपैकी कशा ना कशाशी त्या सर्वांचा संबंध आहे.

प्रश्न (सातारा): आजोबांचा ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा, बॅगेसारखा मिटणारा १०२ क्रमांकाचा ग्रामोफोन अजून चालतो. काही तबकड्या संपल्या की थाळी आपोआप थांबते, काहींच्या शेवटी सुई आतल्या वर्तुळात घरघरत राहते, आणि एक तबकडी तर गाणे अर्ध्यावर असतानाच थांबते. यंत्रात दोष आहे का?

उत्तर: तुमच्या वर्णनावरून यंत्र अगदी ठीक दिसते, फरक तबकड्यांमध्ये आहे. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, बुडाशी, थाळीच्या खाली, एक हलकी पट्टी जोडलेली असते. गाणे वाजत असताना सुई केवळ आतल्या दिशेने सरकते, तिच्याबरोबर ही पट्टी पुढे जाते आणि तिच्यावरची खिटी दात्यांवरून नुसती घसरत राहते. गाणे संपले की सुई ज्या शेवटच्या खाचेत शिरते, तिचे वर्तुळ मुद्दामच तबकडीच्या केंद्रापासून थोडे बाजूला कोरलेले असते. त्यामुळे टोनआर्म थाळीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा आत आणि एकदा बाहेर असा झोका घेऊ लागतो. गाणे चालू असताना जे कधीच घडत नाही ते, म्हणजे सुईचे बाहेरच्या दिशेने जाणे, इथे प्रथमच घडते. त्या उलट्या झोक्याला खिटी दात्यात अडकते, कळ सुटते आणि ब्रेकची गादी थाळीच्या कडेला टेकते.

ही केंद्रच्युत खाच तबकड्यांवर साधारणपणे १९२० च्या दशकाच्या मध्यापासून रुळली. त्याआधीच्या तबकड्यांमध्ये गाणे संपले की खाच एकतर तिथेच संपून जाते, नाहीतर केंद्राभोवतीच्या साध्या बंद वर्तुळात फिरत राहते. अशा वर्तुळात टोनआर्म स्थिर असतो, झोका मिळत नाही आणि ब्रेकला काहीच कळत नाही. घरघरणाऱ्या तबकड्या बहुधा त्या जुन्या काळातल्या असाव्यात. त्यांची सुई तुम्हाला हातानेच उचलावी लागेल.

अर्ध्यावर थांबणाऱ्या तबकडीचे कारण याच्याच उलट आहे. तिचे मधले भोक कारखान्यातच किंचित बाजूला पडलेले असावे. वाजताना टोनआर्मकडे बाजूने पाहा. तो लयीत डुलत असेल, तर ब्रेकला गाण्यातच शेवटाची खूण मिळते आहे. भोक मधल्या खुंटीपेक्षा थोडे मोठे असेल, तर तबकडी केसभर सरकवून पाहावी. भोक कानशीने मोठे करण्याचा मोह मात्र कृपा करून टाळावा, कारण तबकडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ब्रेकची कळ अत्यंत हलक्या स्पर्शाने सुटावी अशी जुळवलेली असते. ती वाकवू नये. सांध्यावर वाळलेले जुने वंगण असेल तर तेवढे पुसावे आणि ब्रेकच्या गादीला तेल लागू देऊ नये.

याहून जुन्या काही यंत्रांवर, प्रत्येक तबकडी वाजवण्यापूर्वी सुई आधी शेवटच्या खाचेवर नेऊन तिथे ब्रेकची कळ हाताने लावून ठेवावी लागे, कारण प्रत्येक तबकडीचे गाणे केंद्रापासून वेगवेगळ्या अंतरावर संपे. यंत्राला ‘आता गाणे संपले’ हे सांगण्याची सोय तबकडीतच झाल्यावर हा व्याप गेला. माझ्या मते स्वयंचलित ग्रामोफोनच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची पायरी कुठल्याही चाकात किंवा दांड्यात नाही, ती या एका तिरक्या खाचेत आहे.

प्रश्न (नागपूर): एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारे पहिले यंत्र कोणी बनवले? एका ठिकाणी अमेरिकेचे नाव वाचले, दुसरीकडे ऑस्ट्रेलियाचे.

उत्तर: ‘पहिले’ कशाला म्हणायचे यावर उत्तर अवलंबून आहे. तबकड्या आपोआप बदलण्याची कल्पना ग्रामोफोनच्याही बाहेरची आहे. न्यू जर्सीतील रॅहवे येथील रेजिना कंपनी १८९० च्या दशकातच धातूच्या छिद्रित तबकड्या एकामागून एक लावणाऱ्या मोठ्या संगीतपेट्या विकत होती. त्या पेट्यांत मुद्रित आवाज नसे, पोलादी कंगव्याचे दात छेडले जात. तरीही एक तबकडी उचलून परत ठेवायची आणि दुसरी आणायची हे काम तिथे सिद्ध झालेले होते.

मुद्रित आवाजाच्या बाबतीत, नाणे टाकून गाणे ऐकण्याची सोय २३ नोव्हेंबर १८८९ रोजी लुई ग्लास यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील पॅले रॉयाल या मद्यगृहात केली. एडिसनच्या धर्तीच्या त्या यंत्रात तबकडीऐवजी आवाज कोरलेले नळकांडे असे, तेही एकच होते आणि ते कानाला नळी लावून ऐकायचे. निवड करण्याची खरी सोय १९०६ मध्ये शिकागोच्या जॉन गेबल यांच्या ‘ऑटोमॅटिक एंटरटेनर’ने दिली. त्यात दहा इंची २४ तबकड्या होत्या आणि ऐकणाऱ्याला त्यांतून हवी ती निवडता येई. मला या यंत्राचे विशेष आकर्षण वाटते, कारण त्याने आपल्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीला यांत्रिक उत्तर दिले होते. नाणे टाकल्यावर गिऱ्हाईकच दांडा फिरवी, त्याच फिरवण्यात स्प्रिंगला चावी बसे आणि सुईसुद्धा बदलली जाई.

घरगुती यंत्रांकडे वळलो की ऑस्ट्रेलियाचे नाव येते. टास्मानियातील होबार्टचे एरिक वॉटरवर्थ यांनी १९२५ मध्ये तबकडी-बदलक तयार केला. तो घेऊन ते वडिलांसह सिडनीला गेले आणि ‘होम रिक्रिएशन्स’ या कंपनीने आपल्या ‘सॅलोनोला’ ग्रामोफोनमध्ये तो बसवायचे ठरवले. १९२७ च्या सिडनीच्या ईस्टर प्रदर्शनात यंत्र लोकांनी पाहिलेही. पण कंपनी बुडाली आणि सॅलोनोला बाजारात आलाच नाही. १९२८ मध्ये पितापुत्रांनी लंडनला जाऊन आपले पेटंट विकले. दरम्यान, १९२७ मध्येच अमेरिकेत कॅम्डेनच्या व्हिक्टर कंपनीचा १०-५० क्रमांकाचा ‘ऑटोमॅटिक ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला’ विक्रीला आला होता. त्यात १२ तबकड्या मावत. गाणे संपले की थाळीभोवतीचे कडे वाजलेल्या तबकडीला उचलून तिरपे करी, ती घसरत खालच्या मऊ अस्तराच्या खणात जाई आणि वरून दुसरी तबकडी येई. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये ‘हिज मास्टर्स व्हॉइस’नेही स्वतःचा बदलक काढला.

तेव्हा निवडीच्या सोयीसह बदलणाऱ्या यंत्रांत मान गेबल यांचा, घरगुती बदलकाच्या कल्पनेत वॉटरवर्थ यांचा आणि तो प्रत्यक्ष दिवाणखान्यात नेण्यात व्हिक्टरचा, असे मी म्हणेन.

प्रश्न (पणजी): चावीच्या ग्रामोफोनला असा तबकडी-बदलक जोडता येईल का?

उत्तर: व्यवहारात नाही. स्प्रिंगची सगळी शक्ती थाळी एकसारख्या वेगाने फिरवण्यात खर्च होते, आणि गव्हर्नरची वजने तो वेग सांभाळतात. तबकडी उचलण्याचे जड काम मध्येच त्या स्प्रिंगवर टाकले तर ती लवकर उतरते आणि पुढच्या गाण्याचा स्वर खाली घसरतो. गेबल यांनी म्हणूनच गिऱ्हाइकाच्या हाताचे बळ वापरले. घरगुती बदलक घरात विजेची मोटार आल्यावरच रुळला.

प्रश्न (ठाणे): प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई लावावी असे आपण सांगता. मग सलग बारा तबकड्या वाजवणारी यंत्रे एका सुईवर कशी चालत?

उत्तर: लाखेच्या तबकडीत लाख हा केवळ एक घटक असे, उरलेल्या भागात दगडाची बारीक भुकटी, कापसाचे तंतू आणि काजळी असे. ती भुकटी सुईच्या टोकाला पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराचे करी, कारण टोक खाचेत नेमके बसल्याशिवाय शंभर ग्रॅमहून अधिक वजनाचा साउंडबॉक्स (सुई बसवलेली, आवाज उमटवणारी डबी) तिने पेलणे शक्य नव्हते. पण हे घासणे तिथेच थांबत नाही. बाजू संपेपर्यंत टोक चपटे होऊन त्याला छिन्नीसारख्या धारा येतात आणि तीच सुई पुढच्या तबकडीवर ठेवली की त्या धारा खाचेच्या भिंती कातरू लागतात.

म्हणून गेबल यांच्या यंत्राने सुईही आपोआप बदलण्याची तजवीज केली होती. नंतरच्या बदलकांनी वेगळी वाट धरली: टंगस्टनसारख्या कठीण धातूच्या किंवा मुलामा दिलेल्या, अनेक बाजू टिकणाऱ्या सुया. पुढे साउंडबॉक्सऐवजी सुईची कंपने विजेत बदलणारे हलके पिकअप आले, तशी नीलमण्याच्या टोकाची कायमची सुई शक्य झाली. तरीही सुरुवातीच्या बदलकांवर वाजलेल्या अनेक तबकड्यांची झीज नुसत्या डोळ्यांना दिसते. उजेडात तिरपी धरली की खाचा काळ्या चकाकीऐवजी राखाडी दिसतात. अशी तबकडी विकत घेताना गाणे फार दुर्मिळ असेल तरच हात पुढे करावा.

प्रश्न (बेळगाव): पाश्चात्त्य सिंफनीचा चार तबकड्यांचा एक जुना संच मला मिळाला आहे. पहिल्या तबकडीच्या एका बाजूवर १ आणि दुसऱ्या बाजूवर ८ असे छापले आहे. दुसरीवर २ आणि ७. छपाईतली चूक असेल का?

उत्तर: चूक नाही, तो संच बदलकासाठीच तयार केलेला आहे. खुंटीवर तबकड्यांची चळत ठेवून एकेक खाली सोडणाऱ्या यंत्रात आधी चारही तबकड्यांची वरची बाजू वाजते: १, २, ३, ४. आता पूर्ण चळत एकदम उचलून, तशीच पालथी करून पुन्हा खुंटीवर ठेवायची. शेवटी वाजलेली चौथी तबकडी तळाशी जाते आणि तिची ५ क्रमांकाची बाजू वर येते. त्यापाठोपाठ ६, ७, ८. म्हणजे ऐकणारा एकदाच उठतो. हाताने वाजवायच्या संचांत मात्र पहिल्या तबकडीवर १ व २, दुसरीवर ३ व ४ असा सरळ क्रम असे. तिसरा एक क्रमही होता, १ व ५, २ व ६ असा, वाजलेली तबकडी बाजूला सरकवून टाकणाऱ्या यंत्रांसाठी. व्हिक्टरच्या अल्बमांवर हे क्रम ओळखण्यासाठी अनुक्रमे डीएम, एम आणि एएम अशी अक्षरे असत, तेव्हा तुमच्या संचावर अशी अक्षरे आहेत का ते पाहावे.

या सगळ्या क्रमांच्या गोंधळातून सुटण्याचा भव्य प्रयत्न होमर केपहार्ट यांच्या कंपनीने इंडियानात केला. त्यांच्या १९३० च्या दशकातल्या यंत्रात वीस तबकड्या ठेवता येत आणि ते प्रत्येक तबकडी उचलून, हवेत उलटी करून तिची दुसरी बाजूही वाजवी. लाखेची तबकडी अशा कसरतीत फुटण्याचा धोका अर्थातच असे. हेच केपहार्ट पुढे इंडियानाचे सिनेटर झाले.

प्रश्न (पुणे): आमच्या घरी बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्या आहेत. त्या वडिलांनी १९६० च्या दशकात घेतलेल्या गॅरार्डच्या तबकडी-बदलकावर लावाव्यात का? आणि आपल्या संगीताला अशा यंत्राचा कधी उपयोग झाला का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मला फार मोलाचा वाटतो. बदलक जन्मला तो मुख्यतः तुकडे पडलेल्या संगीतासाठी. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे चाले आणि बारा इंची साडेचार मिनिटांच्या आत संपे. पाऊण तासाची सिंफनी दर चार मिनिटांनी तुटे. आपल्याकडे गायकांनी तुकडे पाडले नाहीत, त्यांनी गाणेच तीन मिनिटांत बसवले. अब्दुल करीम खाँ यांची ख्यालाची किंवा ठुमरीची तबकडी हा एखाद्या लांब मैफलीचा मधूनच कापलेला भाग नव्हे. आलाप, बंदिश, तान यांचा तो नेटका, एका बाजूत पूर्ण झालेला आराखडा आहे. नाट्यपदाचेही तसेच. त्यामुळे आपल्या श्रोत्याला सलगपणासाठी यंत्राची निकड भासली नाही, आणि एक बाजू संपल्यावर उठून तबकडी पालथी करण्याचा तो अर्धा मिनिटाचा विराम ऐकण्याचाच भाग झाला.

आता गॅरार्डविषयी. तुमच्यासारख्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, तर नंतरच्या, बारीक खाचेच्या लाँग प्ले तबकडीसाठी २५ मायक्रॉनच्या आसपासची. त्या काळच्या बऱ्याच बदलकांच्या पिकअपमध्ये छोटी कळ फिरवून दोन्हींपैकी हवी ती सुई खाली आणता येते. ती कळ ७८ वर आहे का आणि ते टोक शाबूत आहे का, हे भिंगातून पाहिल्याशिवाय तबकडी लावू नये. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी खरडत जाते आणि ऐकू येतो तो बहुतांश खरखराट. दोन्ही गोष्टी ठीक असतील, तर यंत्र हाताने चालवण्याच्या स्थितीत ठेवून एका वेळी एकच तबकडी वाजवावी. चळत लावू नये. पडणाऱ्या तबकडीखाली अडकलेली हवा तिला थोडी सावरते खरी, पण ८० वर्षांची लाख ठिसूळ झालेली असते, कडेला केसासारखी चीर असली तर ती पडताच पसरते, आणि चळत वाढली की सुईचा कोनही बदलतो. वाजवून झाले की तबकडी उभी, नव्या कागदी पाकिटात ठेवावी. जुन्या पाकिटावर विक्रेत्याचा शिक्का असेल तर तेही जपून वेगळे ठेवावे.