लाथ लागली, गुण कुठे गेला?

प्रश्न : जागतिक तायक्वांदो स्पर्धेतली पुरुषांच्या ५८ किलोखालील गटाची लढत पाहिली. एकाची लाथ छातीवर धाडकन बसली, तरी गुण नाही. शिवाय ज्याचे एकूण गुण जास्त, तोच हरला! हा काय प्रकार?

उत्तर : मी बरीच वर्षं कोपऱ्यातल्या पंचाच्या खुर्चीवर बसलोय, त्यामुळे तुमची चिडचिड ओळखीची आहे. आवाजाला गुण नसतो हो! खेळाडूच्या पायमोज्यात सेन्सर असतात आणि ते पावलापुरतेच. लाथ नडगीने बसली की आवाज दणदणीत, पण छातीवरचं कवच गप्प. पाऊल बरोबर लागलं तरी जोर ठरावीक मर्यादेच्या वर हवा, आणि ही मर्यादा वजनगटानुसार बदलते. ठोशाचा एक गुण मात्र अजून आम्ही पंचच बटण दाबून देतो. धडावरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३. गिरकी घेऊन मारली तर ४ आणि ५.

आता दुसरं. २०२२पासून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजेता. समजा फेऱ्या ३-२, १-९, ५-४ अशा झाल्या. पहिल्याचे एकूण ९, दुसऱ्याचे १५, तरी जिंकला पहिलाच. पूर्वी तिन्ही फेऱ्यांची बेरीज व्हायची. मला नवी पद्धतच आवडते. पहिल्या फेरीत मार खाल्लेला गडी दुसरीत पुन्हा शून्यावरून उभा राहतो. आमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीला मात्र त्यामुळे जरासुद्धा उसंत राहिली नाही!